हायड्रोपोनिक्सच्या टाकीचा पीएच: मीटरचा आकडा भरवशाचा कसा करायचा

सकाळी टाकीत मीटर बुडवला तर पीएच (पाणी किती आम्लधर्मी हे सांगणारा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.०. दुपारी ६.७. संध्याकाळी अ‍ॅसिड घालून ५.८ वर आणला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ६.९. सोलापुरात गच्चीवर किंवा शेडनेटमध्ये हायड्रोपोनिक्सनं, म्हणजे मातीविना खताच्या पाण्यात, लेट्यूस, पालक, पुदिना घेणाऱ्यांची तक्रार साधारण अशीच असते, आणि दोष मीटरच्या माथी मारला जातो. मीटर बिघडलेला असूही शकतो. पण बऱ्याचदा प्रोब (मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग) कोरडा पडलेला असतो, बफर (ठरलेल्या पीएचचं, मीटर तपासायचं द्रावण) जारच्या पाण्यात कालवलेला असतो, नाहीतर मीटर अगदी खरं सांगत असतो आणि बोअरच्या पाण्यातलं बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) पीएच वर ओढत असतं. या तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणून एकच नियम पाळा: मीटर खरं बोलतोय याची खात्री पटल्याशिवाय टाकीत अ‍ॅसिडचा थेंब टाकायचा नाही.

## १. सामान आधी जमवा

मीटर पेनसारखा असला तरी चालतो. विकत घेताना ‘०.०१ पर्यंत दाखवतो’ या वाक्याला भुलू नका. पडद्यावर दोन दशांश दिसणं वेगळं आणि आकडा अचूक असणं वेगळं. स्वस्त पेनची अचूकता बहुधा ०.१ च्या आसपास असते, आणि हायड्रोपोनिक्सला तेवढी पुरते, कारण आपल्याला ५.५ ते ६.५ च्या पट्ट्यात राहायचं आहे. मात्र दोन ठिकाणी कॅलिब्रेशन (बफरशी जुळवून मीटरचा आकडा लावणं) करता येतं का आणि प्रोब बदलता येतो का, एवढं जरूर पाहा.

त्याबरोबर हे हवं:

- ४ चा आणि ७ चा (किंवा ६.८६ चा) बफर, पुडीतला किंवा तयार बाटलीतला
- प्रोब ठेवण्याचं द्रावण, म्हणजे ३ मोलर पोटॅशियम क्लोराईड
- डिस्टिल्ड वॉटर, किमान पाच लिटर
- तीन-चार छोटे काचेचे किंवा प्लास्टिकचे कप, प्रत्येकावर नाव लिहिलेलं
- थर्मामीटर, ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून खताचं प्रमाण दाखवणारा), मऊ टिश्यू पेपर आणि एक वही

डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टर-बॅटरीच्या दुकानात मिळतं. कॅन उघडल्यावर त्यात टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर बुडवा. आकडा १० च्या आत असेल तरच ते वापरा. पिण्याच्या पाण्याचा जार इथे चालत नाही. त्याचा टीडीएस ५०, कधी १०० च्याही वर निघतो.

ठेवण्याचं द्रावण मिळालं नाही तर घरी करता येतं: शुद्ध पोटॅशियम क्लोराईड २२.४ ग्रॅम घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवून एकूण द्रावण १०० मिलिलिटर करा. खताच्या दुकानातलं म्युरेट ऑफ पोटॅश यासाठी नको, त्यातली घाण प्रोबच्या छिद्रात बसते.

## २. प्रोब ओला करा

प्रोबच्या टोकाची काचेची गोळी पाण्यात मुरलेली असेल तरच काम करते. काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि पीएच ओळखला जातो तो तिथेच. तो थर सुकला की आकडा सावकाश सरकतो, किंवा एकाच जागी अडून बसतो.

सोलापूरची मार्च ते मे मधली हवा इथे खरी वैरी आहे. पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी ठणठणीत. टोपणातला स्पंज पावसाळ्यात आठवडाभर ओला राहतो, तोच मे महिन्यात दोन-तीन दिवसांत सुकतो. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी टोपण उघडून पाहा आणि ठेवण्याच्या द्रावणाचे पाच-सहा थेंब घाला.

नवा प्रोब असेल तर त्याच द्रावणात अर्धा ते दोन तास बुडवून ठेवा. कोरडा पडलेला असेल तर रात्रभर. टोपणाभोवती पांढरे स्फटिक दिसले तर घाबरू नका. ते सुकलेलं पोटॅशियम क्लोराईड आहे, पाण्यानं धुऊन टाका. गोळीत हवेचा बुडबुडा दिसत असेल तर जुना तापमापक झटकतात तसा मीटर दोन-तीनदा खाली झटका.

सावधान: प्रोब डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात ठेवून देऊ नका. ही चूक चांगल्या चांगल्या हातांकडून होते, कारण ‘शुद्ध पाण्यात ठेवलं की स्वच्छ राहील’ असं वाटतं. प्रत्यक्षात शुद्ध पाणी प्रोबच्या आतले क्षार बाहेर ओढून घेतं आणि प्रोबचं आयुष्य घटतं. द्रावण संपलंच असेल तर एक-दोन दिवस ४ च्या बफरमध्ये ठेवा. डिस्टिल्ड पाणी धुण्यापुरतंच.

## ३. बफर तयार करा

पुडीवर सहसा ‘२५० मिलिलिटर पाण्यात विरघळवा’ असं लिहिलेलं असतं. मोजमाप चुकेल म्हणून लोक फार घाबरतात. खरं तर दहा-वीस मिलिलिटर इकडेतिकडे झाल्यानं काही बिघडत नाही. पाणी चुकून दुप्पट पडलं तरी ४ च्या किंवा ६.८६ च्या बफरचा आकडा ०.१ पेक्षा कमीच सरकतो. घरच्या वजनकाट्यावर २५० ग्रॅम डिस्टिल्ड पाणी मोजलं की झालं.

पाणी कुठलं घेतलं याला मात्र फार महत्त्व आहे. बायकार्बोनेट भरपूर असलेल्या बोअरच्या पाण्यात ४ ची पुडी टाकली तर तो बफर ४.३ पर्यंत चढू शकतो. मीटरला तुम्ही सांगता ‘हे ४ आहे’, आणि तिथून पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

दुसरा घोळ ६.८६ आणि ७.०० चा. बाजारात दोन्ही प्रकारचे बफर मिळतात. काही मीटर फक्त ६.८६ ओळखतात, काही फक्त ७.००, आणि काहींत निवड करावी लागते. ७.०० समजणाऱ्या मीटरला ६.८६ चा बफर दिला, तर ४ चा बिंदू बरोबर असूनही ६ च्या आसपास आकडा साधारण ०.१ ने जास्त येतो. मीटरच्या माहितीपत्रकात कुठला संच लिहिला आहे ते पाहून तोच घ्या.

तपासा:

- बाटलीवर उघडल्याची किंवा कालवल्याची तारीख लिहिली आहे का? पुडीचा बफर महिन्याभरात बदला.
- आत बुरशीचा धागा, ढगाळपणा, तळाला गाळ? फेकून द्या.
- कपात ओतलेला बफर पुन्हा बाटलीत ओतायचा नाही. एकदा वापरला की ओतून द्या.

१० किंवा ९.१८ चा बफर हवेतला कार्बन डायऑक्साईड शोषून लवकर उतरतो. आपल्या कामाला तो लागतही नाही, त्यामुळे त्याच्या भानगडीत पडू नका.

## ४. तापमान जुळवा

बफरची बाटली घरात कपाटात, टाकी गच्चीवर उन्हात. बाटली ३० अंशांवर, टाकी ३८ वर. अशा वेळी बफरचे कप टाकीजवळ सावलीत वीस मिनिटं ठेवा, नाहीतर टाकीतलं पाणी कपात घेऊन घरात आणा. प्रोब, बफर आणि नमुना तिन्ही एका तापमानाला आले की आकडा लवकर ठरतो.

बफरचा स्वतःचा आकडाही तापमानानुसार बदलतो. २५ अंशांना ७.०० असलेला बफर ४० अंशांना ६.९७ होतो, आणि ४.०१ चा ४.०३. फरक लहान आहे. पण आपोआप बफर न ओळखणाऱ्या, स्क्रूनं फिरवायच्या मीटरमध्ये बाटलीवरच्या तक्त्यातला त्या तापमानाचा आकडा लावा.

मीटरवर ‘एटीसी’ (तापमानाची आपोआप भरपाई) लिहिलं आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, आणि नसेल म्हणून खचूनही जाऊ नका. एटीसी प्रोबच्या व्होल्टेजमधला तापमानाचा फरक भरून काढतं. हा फरक ७ पासून लांब गेलं की वाढतो. पीएच ६ ला, २५ ऐवजी ४० अंशांवर मोजलं, तर एटीसी नसल्यानं चूक होते जेमतेम ०.०५. कोरडा प्रोब आणि शिळा बफर याच्या कितीतरी पट नुकसान करतात.

## ५. कॅलिब्रेशन: आधी ७, मग ४

आपण ज्या पट्ट्यात काम करतो तो ४ आणि ७ च्या मध्ये येतो, म्हणून हेच दोन बिंदू.

१. प्रोब डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, हलकेच झटका आणि टिश्यूनं टिपून घ्या. टिपायचं, घासायचं नाही. सोलापुरी टॉवेल पाणी टिपायला कितीही चांगला असला तरी त्याच्या फासांनी काचेच्या गोळीवर ओरखडे पडतात, आणि घासल्यानं काचेवर वीजभार साठून आकडा काही मिनिटं भरकटतो.
२. ७ च्या कपात प्रोब असा बुडवा की गोळी आणि बाजूचं छोटं छिद्र दोन्ही बुडतील. तीन सेंटिमीटर पुरे. हलकेच दोन-तीनदा ढवळा आणि थांबा.
३. आकडा १५ सेकंद एका जागी राहिला की मगच बटण दाबा. पडद्यावर ‘तयार’ दिसलं तरी आणखी अर्धा मिनिट द्या.
४. पुन्हा धुवा, टिपा. ४ च्या कपात तेच.
५. पुन्हा धुवा आणि ७ च्या नव्या कपात बुडवा. ०.०५ च्या आत आकडा आला तर कॅलिब्रेशन जमलं.

ही पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात. ती गाळली तर मीटरनं बटणाचा हुकूम पाळला एवढंच कळतं. तो खरं बोलतो का, हे कळत नाही.

तपासा: मीटर मिलिव्होल्ट दाखवत असेल तर ७ च्या बफरमध्ये आकडा शून्याच्या आजूबाजूला, ±३० च्या आत हवा. २५ अंशांना ७ आणि ४ मधलं अंतर साधारण १७७ मिलिव्होल्ट हवं. ते १६० च्या खाली गेलं तर प्रोब साफ करा. साफ करूनही वाढलं नाही तर प्रोब संपला. टक्क्यांत स्लोप (या अंतराचं आदर्श अंतराशी प्रमाण) दाखवणाऱ्या मीटरमध्ये ९५ च्या वर उत्तम, ९० च्या खाली शंका घ्या.

किती वेळा? आठवड्यातून एकदा, टाकीतलं पाणी बदलण्याच्या दिवशी, आणि प्रोब साफ केल्यावर प्रत्येक वेळी. अधूनमधून फक्त ७ च्या कपात बुडवून पाहायला मिनिटही लागत नाही.

## ६. नमुना घ्या आणि मोजा

क्रम असा: पाणी, त्यात खताच्या दोन भागांपैकी ए द्रावण, ढवळणं, मग बी द्रावण, पुन्हा ढवळणं, पंधरा ते तीस मिनिटं पंप चालू. मग ईसी. मग पीएच. खत घालण्याआधी पीएच लावून काही उपयोग नाही, कारण खत पडलं की तो बदलतोच. ए आणि बी घट्ट स्वरूपात एकत्र ओतू नका. कॅल्शियमचा सल्फेट-फॉस्फेटशी पांढरा साका होतो, तो झाडाच्या कामाचा राहत नाही आणि प्रोबवर जाऊन बसतो.

मोजताना प्रोब थेट टाकीत नको. कप टाकीच्या पाण्यानं एकदा विसळा, ते ओतून द्या, दुसऱ्यांदा भरा आणि त्यात मोजा. एकाच कपात दोन्ही मोजायचं असेल तर आधी ईसी, मग पीएच. पीएच प्रोबमधून पोटॅशियम क्लोराईड सतत किंचित झिरपत असतं, त्यानं छोट्या कपातला ईसी फुगतो.

कप भरल्यावर दोन-चार मिनिटांत आकडा घ्या. पाणी तसंच ठेवलं तर त्यातला कार्बन डायऑक्साईड उडतो आणि पीएच वर चढतो.

वेळ रोज एकच ठेवा, सकाळी सहा-सातची सर्वांत चांगली. टाकीवर ऊन पडत असेल आणि आत शेवाळ असेल तर ते दिवसा कार्बन डायऑक्साईड खातं. दुपारचा आकडा सकाळपेक्षा वर दिसतो, आणि तो खरा असतो. तिथे टाकी झाकणं हाच उपाय.

पंपाची परीक्षा: कपात ६.० आणि टाकीत बुडवल्यावर ६.५ किंवा ५.४ येतो? पंपाचा प्लग काढा आणि टाकीत पुन्हा मोजा. आकडा कपाशी जुळला तर पंपातून पाण्यात वीज झिरपते आहे. ही निव्वळ मोजमापाची अडचण नाही, जिवाचा धोका आहे. प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात घालू नका, पंप बदला, अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनवर आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) बसवा.

## ७. मीटर खरा, तरी पीएच चढतो: पाणी पाहा

वरची सगळी परीक्षा पास झाली आणि तरीही रोज ५.८ चा ६.८ होतो, तर मीटर सोडा आणि पाण्याकडे वळा. शहराचं पाणी उजनी धरणाच्या जलवाहिनीतून, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परगा तलावातून येतं. नळाला रोज पाणी नसल्यानं कधी नळाचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं असं टाकीत पडत राहतं. स्रोत बदलला की क्षार बदलतात, आणि मागच्या आठवड्यात पुरलेलं अ‍ॅसिड या आठवड्यात पुरत नाही.

अ‍ॅसिड घातलं की बायकार्बोनेटचा कार्बन डायऑक्साईड होतो. तो पाण्यात आहे तोवर पीएच खाली दिसतो, आणि हवेत निघून गेला की पुन्हा वर येतो. म्हणून अ‍ॅसिड घातल्या घातल्या घेतलेला आकडा फसवा.

बादलीत करून पाहा. १० लिटर कच्चं पाणी घ्या, त्यात खत नको. पातळ केलेलं अ‍ॅसिड मिलिलिटर-मिलिलिटरनं घालत ५.८ पर्यंत आणा, किती लागलं ते लिहा. एअर स्टोन (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) लावून रात्रभर ठेवा. सकाळी ६.५ च्या वर गेलं असेल तर पुन्हा घाला आणि पुन्हा लिहा. दोन्हींची बेरीज म्हणजे तुमच्या पाण्याची खरी भूक. टाकीसाठी त्याच हिशेबानं आदल्या दिवशी पाणी तयार ठेवा, खत दुसऱ्या दिवशी घाला.

एक हिशेब डोळ्यासमोर असू द्या. पाण्याची अल्कलिनिटी (आम्ल मारण्याची ताकद) कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात ३०० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल, तर १०० लिटरमधली बहुतेक मारायला ६९ टक्क्यांचं नायट्रिक अ‍ॅसिड साधारण ३२ मिलिलिटर लागतं. त्यातून लिटरमागे सुमारे ७० मिलिग्रॅम नायट्रोजनही जातो, तो खताच्या हिशेबात धरा. हेच काम ८५ टक्क्यांच्या फॉस्फोरिक अ‍ॅसिडनं केलं तर लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर फॉस्फरस पडतो, म्हणजे पालेभाजीच्या गरजेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त. अशा पाण्यात आरओचं पाणी अर्धं-अर्धं मिसळणं हाच शहाणपणाचा मार्ग.

निव्वळ आरओच्या पाण्यात मीटरचा आकडा डोलत राहतो, कारण त्यात वीज वाहून न्यायला क्षारच नसतात. त्या आकड्याच्या मागे लागू नका. खत पडल्यावर मोजा.

सावधान: अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडमध्ये कधीच नाही. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. टाकीत घालण्याआधी दहापट पातळ करा. लिंबाचा रस आणि व्हिनेगर टाकीत नको: जिवाणू ते खाऊन टाकतात, पीएच परत चढतो आणि मुळांवर चिकट थर येतो.

## ८. प्रोबची सफाई

दर पंधरा दिवसांनी, किंवा आकडा ठरायला एका मिनिटापेक्षा जास्त वेळ लागू लागला की.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून प्रोब पाच मिनिटं बुडवा आणि हलवा. धुवा. पांढरा क्षार बसलेला असेल तर साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये दहा-पंधरा मिनिटं, जास्त नाही. पुन्हा धुवा. मग ठेवण्याच्या द्रावणात किमान एक तास, आणि त्यानंतर नव्यानं कॅलिब्रेशन. तासभर न थांबता लगेच कॅलिब्रेशन केलं की दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा सरकतो आणि सगळी मेहनत पाण्यात जाते.

प्रोब साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो. उन्हात टाकीच्या काठावर पडून राहिलेला त्याआधीच जातो.

## ९. वही

एका ओळीत तारीख, वेळ, पाण्याचा स्रोत, तापमान, ईसी, पीएच, घातलेलं अ‍ॅसिड मिलिलिटरमध्ये. कॅलिब्रेशनच्या दिवशी त्याच ओळीत ७ चा आणि ४ चा आकडा बटण दाबण्याआधी काय होता तेही लिहा. तो दर आठवड्याला एकाच दिशेनं सरकत असेल तर प्रोब म्हातारा होतोय. तो जागेवर आहे आणि अ‍ॅसिडचे मिलिलिटर वाढताहेत, तर पाणी बदललंय. झाडं भरभर वाढत असताना नायट्रेट जास्त उचलतात आणि पीएच रोज दोन-तीन दशांश चढतो. ते निरोगी लक्षण आहे, त्यासाठी मीटर उघडायची गरज नाही.

आकड्याची शंका आली आणि दुसरा मीटर हाताशी नसेल, तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं पीएचचं थेंबांचं किट ठेवा. रंगावरून दोन-चार दशांशांपर्यंतच कळतं, पण मीटर ६.० म्हणतोय आणि थेंब ७.५ चा निळा रंग दाखवताहेत, तर अ‍ॅसिडची बाटली खाली ठेवून पायरी दोनपासून पुन्हा सुरुवात करा.